गणेशपुराणातील रोगी

गणेशपुराणाचा आरंभ एका दुखणाइताच्या कथेने होतो. सौराष्ट्रातील देवनगरचा राजा सोमकांत याच्या अंगी कुष्ठ फुटते, व्रण वाहू लागतात, दुर्गंधीने जवळची माणसे दूर सरतात. राज्य पुत्रावर सोपवून तो वनात जातो आणि तेथे भृगुऋषी त्यास जे सांगतात तेच हे पुराण होय. उपासनाखंड आणि क्रीडाखंड मिळून जो एवढा विस्तीर्ण ग्रंथ झाला आहे, त्याचा श्रोता असा महारोगी आहे ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. भागवताचा श्रोता परीक्षिती हाही मृत्यूच्या दारी बसलेला. परंतु त्याच्यापुढे मोजून सात दिवस होते. सोमकांतापुढे किती दिवस आहेत हे त्यास कोणी सांगितलेले नाही. मरणाऱ्याने ऐकावयाची कथा वेगळी आणि ज्यास याच देहात पुष्कळ दिवस काढावयाचे आहेत त्याने ऐकावयाची कथा वेगळी. या दुसऱ्या जातीची कथा म्हणून या पुराणाचे परीक्षण व्हावयास हवे.

वऱ्हाडातील वाचकांस तर हा ग्रंथ परका वाटण्याचे कारणच नाही. त्याच्या पूर्वार्धातील एक मोठे आख्यान विदर्भात घडते. त्यातील कदंबपूर म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातील कळंब, असे परंपरा मानते. तेथील चिंतामणीचे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून जावे लागते, आणि देवापुढे कुंड आहे. कुंडातील पाणी काही वर्षांच्या अंतराने आपोआप चढते व मूर्तीच्या चरणांस लागते अशी भाविकांची श्रद्धा आहे. त्या पायऱ्या उतरणारांत दुखण्याने जेरीस आलेली माणसे नेहमीच असावयाची. अशा माणसांस हे पुराण काय देते आणि त्यांच्यापासून काय हिरावून घेते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम सोमकांत पाहू. वनात जाण्यापूर्वी तो पुत्र हेमकंठ यास जवळ बसवून आचार सांगतो. पहाटे केव्हा उठावे, शौच, मुखमार्जन, स्नान कसे करावे, अशी ती लांबलचक यादी आहे. पारायण करणारा हा भाग भराभर वाचून टाकतो आणि चोखंदळ रसिक त्यास पाल्हाळ म्हणतो. आमचे मत निराळे आहे. ज्याच्या शरीराने स्वच्छतेची साथ कायमची सोडली आहे तो मनुष्य स्वच्छतेचे नियम एकामागून एक सांगत आहे, असा तो प्रसंग आहे. कवीने तेथे करुणरसाचा एक शब्दही खर्चिलेला नाही, आणि म्हणूनच तो प्रसंग आमच्या मनातून जात नाही. राजाचे देहावरील स्वामित्व गेले. दिनचर्येवरील मात्र त्याने सोडले नाही. पुढे राणी सुधर्मा वनात त्याच्यासह येते. सरोवरापाशी भृगुपुत्र च्यवन भेटतो, तेव्हा पतीच्या दुखण्याची सारी हकीगत तीच सांगते. घरात दीर्घ दुखणे असले म्हणजे ते बोलावयाचे काम कोणाच्या वाट्यास येते हे पुराणकारास ठाऊक होते.

येथपर्यंत पुराणकार उत्तम. येथून पुढे त्याची लेखणी घसरते. भृगू सांगतात की राजा पूर्वजन्मी कामंद नावाचा वैश्यपुत्र होता. त्याने लूटमार केली, हत्या केल्या, त्याचे हे फळ. राजाच्या मनात संशय येतो. संशय येताच पक्षी उत्पन्न होतात आणि त्यास टोचू लागतात. रोग्याने आपल्या दुःखाचे दिलेले कारण पटत नाही असे नुसते मनात आणावे आणि त्याबद्दल आणखी शिक्षा भोगावी, हे न्यायासही धरून नाही आणि कलेसही नाही. या पक्ष्यांची आम्हांस चांगली ओळख आहे. आमच्या सांध्यांत गेली कित्येक वर्षे वाताने बिऱ्हाड केले आहे, आणि समाचारास येणाऱ्या सज्जनांपैकी निम्मे तरी, काही चुकले असेल, काही राहिले असेल, कुलाचार पाहा, असे सुचवून जातात. त्यांत आता एक नवा वर्ग मिळाला आहे. तो पूर्वजन्म मानीत नाही. परंतु मन प्रसन्न ठेविले असते, पहाटे उठला असता, तर हे झालेच नसते असे तो हसतमुखाने सांगतो. आत्मसुधारणेच्या ज्या पुस्तकांचा सध्या एवढा सुकाळ आहे ती याच वर्गाची पुराणे. त्यांत कामंदाच्या जागी आळस येऊन बसला आहे, इतकाच फरक.

या ग्रंथाचा मोठेपणा असा की त्याचे उत्तर त्यातच आहे. कौंडिण्यपुरचा राजपुत्र रुक्मांगद मृगयेस गेला असता तहानेने एका आश्रमात येतो. ऋषी घरी नाहीत. ऋषिपत्नी मुकुंदा त्याची अभिलाषा धरते, तो तिला नाकारतो, आणि ती त्यास कुष्ठी होण्याचा शाप देते. म्हणजे सोमकांतास जो रोग पापाने जडला तोच रुक्मांगदास पाप न केल्याने जडला! पूर्वकर्माची जी साखळी भृगूंनी एवढ्या खटपटीने जोडली, तिची एक कडी पुराणकाराने विदर्भात आणून स्वतःच तोडली आहे. त्याने हे जाणूनबुजून केले की दोन निराळ्या कथा एका दोऱ्यात ओवताना ते आपोआप घडले, हा वाद पंडितांनी करावा. आम्हांस इतके दिसते की कुष्ठ्याकडे पाहून त्याचे पाप ओळखता येते असे म्हणणारास रुक्मांगदाचे तोंड चुकविता येणार नाही. पुराणातील ही तुटलेली कडी आमच्या समाजाने मात्र फार काळ पाहिली नाही. पती अथवा पत्नीस कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण म्हणून आमच्या कायद्यांत 2019 सालापर्यंत नांदत होते.

रुक्मांगदास नारद भेटतात आणि कदंबपुरच्या कुंडात स्नान करावयास सांगतात. तो बरा होतो. सोमकांतही बरा होतो. भृगूंनी अभिमंत्रित जल शिंपडताच त्याच्या नाकावाटे एक काळा पुरुष बाहेर पडतो, हा तर कल्पनेचा सुंदर खेळ आहे. आपण निराळे आणि आपले दुखणे निराळे अशी एकदा तरी फारकत व्हावी, ही प्रत्येक रोग्याची मनीषा त्यात देहधारी झाली आहे. परंतु ज्याचे दुखणे बरे होणारच नाही त्याने या दोन्ही कथांतून काय घ्यावे? बरे होण्यावर संपणाऱ्या कथेत अशा मनुष्यास बसावयास जागा नसते.

ही जागा तिसऱ्या कथेत आहे, आणि कळंबच्या क्षेत्राचे मूळ तीच. अहल्येच्या प्रकरणी गौतमाने शापिलेला इंद्र अंगावर सहस्र लांच्छने घेऊन कमळाच्या देठात दडून बसला. शेवटी गौतमानेच त्यास गणेशाचा षडक्षर मंत्र दिला. इंद्राने कदंबवृक्षाखाली तप केले आणि चिंतामणीची स्थापना केली. त्याची लांच्छने पुसली गेली काय? नाही. त्यांचे डोळे झाले. इंद्र सहस्राक्ष झाला. ज्या जागी खूण होती त्याच जागी डोळा आला. ज्या कुंडात इतरांचे रोग धुतले जातात म्हणून सांगतात, त्या क्षेत्राचा संस्थापक स्वतः आपले व्रण घेऊनच परत गेला, हे आमच्या मते या पुराणातील सर्वांत खोल वचन आहे. पुराणकार त्यावर रेंगाळत नाही, याबद्दल त्याचे आभार मानावे की त्यास दोष द्यावा हे आम्हांस ठरविता आलेले नाही. इंद्र निर्दोष नव्हता, आणि त्याच्या अपराधाची झळ अहल्येस लागली, हेही विसरता कामा नये. त्याचे डोळे हे बक्षीस नव्हे.

या कथेची सत्यता पाहावयास वर्धा नदी ओलांडली म्हणजे पुरे. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे सहबंदी असलेले परचुरेशास्त्री हे संस्कृताचे जाणते पंडित. कुष्ठरोग जडल्यावर ते सेवाग्रामास आले. गांधीजींनी त्यांस आश्रमात ठेवून घेतले आणि स्वहस्ते त्यांचे अंग चोळले. त्यांचे अखेरचे दिवस मनोहरजी दिवाण यांनी 1936 साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे काढलेल्या कुष्ठधामात गेले. बरे करणारा कुंड त्यांच्या आयुष्यात आला नाही. हा रोग जंतूचा आहे हे हान्सेनने 1873 सालीच दाखविले होते. परंतु भरवशाची बहुविध औषधयोजना जागतिक आरोग्य संघटनेने सांगितली ती 1981 साली. आज जंतू मरतो, रोग बरा होतो. उशीर झाला असेल तर मेलेली संवेदना मात्र परत येत नाही. बधिर पायास खडा टोचला तरी कळत नाही. जखम चिघळते, आणि बोटे गेली ती रोगानेच गेली असे लोक म्हणतात. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की मांस आपोआप सडत नाही. वेदना नाही म्हणून इजा राहते.

त्यावर उपाय जो सांगतात तो ऐकून आम्हांस एकदम सोमकांताचा तो पाल्हाळ आठवला. रोज हातपाय पाण्यात भिजवून ठेवावे, जाड झालेली कातडी घासावी, तेल लावावे, मऊ तळाची चप्पल वापरावी, आणि निजण्यापूर्वी तळपाय उलटे करून उजेडात नीट पाहावे. हातास जे कळत नाही ते डोळ्याने शोधून काढावयाचे, आणि हे जन्मभर, एकही दिवस न चुकविता. यात चमत्कार नाही, पूर्वजन्म नाही, आणि प्रसन्न मनाची अटही नाही. गणेशपुराणाची मराठी आवृत्ती पुन्हा कोणी काढणार असेल तर आचाराचा तो अध्याय संक्षिप्त करू नये, अशी आमची त्यास विनंती आहे. पक्ष्यांचा प्रसंग बारीक टाइपात घातला तरी चालेल.