जलरंग आणि वऱ्हाडचे ऊन

अमरावती-अकोल्याकडील होतकरू चित्रकारांच्या वह्या चाळताना आम्हांस एक गोष्ट वारंवार खटकते: गाव वऱ्हाडातले आणि धुके मात्र टर्नरचे! वैशाखात येथे रंगाचा ओला हात पसरतो न पसरतो तोच वाळतो. मग इंग्लंडच्या दमट हवेतील ते विरघळणारे क्षितिज यावे कोठून? थोरांचे अनुकरण करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. ते कशाचे करावयाचे, एवढाच प्रश्न. सावळाराम हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे १९४५-४६ मधील चित्र घ्या. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील हे जलरंगचित्र पुष्कळ प्रेक्षक रविवर्म्याचे समजतात (हळदणकरांचे दुर्दैव!). दिव्याआडच्या बोटांतून झिरपणारा तो उजेड जलरंगात मागाहून चढविता येत नाही. कागदाची शुभ्रता आरंभापासूनच राखावी लागते. तो संयम उचलावा. दिवा उचलून काय उपयोग? कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांनी कोटितीर्थाचा परिसर पुनःपुन्हा रंगविला. अकोलेकरांस मोर्णा आहे, असदगड आहे. एका वहीत तो तट आम्हांस आढळला. सावलीची निळाई मातकट झाली आहे खरी, परंतु ऊन अकोल्याचेच आहे.