रेगे : अस्मिता आणि समता यांतील ताण

रेगे संगीताची चर्चा बहुधा 'निषेधाचे संगीत' या संज्ञेपाशी येऊन थांबते. ही संज्ञा चुकीची नसली तरी अपुरी आहे. जमैकातील रास्ताफारी पंथाने रेगेला जो आशय पुरविला, त्यात कृष्णवर्णीयांची अस्मिता आणि मानवमात्राची समता अशा दोन प्रेरणा आहेत. समीक्षक त्यांना सहसा एकच मानतात. वस्तुतः त्यांच्यात ताण आहे आणि रेगेचे सामर्थ्य त्या ताणाच्या संदर्भातच समजून घ्यावे लागते.

या अस्मितेला सिंहासनाची गरज होती. गुलामगिरीने ज्यांचा वंशेतिहास पुसून टाकला, त्यांच्यापैकी काहींना १९३० साली इथिओपियात राज्याभिषेक झालेल्या हैले सेलासीच्या रूपाने आपला देव आणि आपला राजा गवसला. समतेला मात्र सिंहासन मानवत नाही. बॉब मार्लीने गायिलेल्या 'वॉर' (१९७६) या गीतात हा अंतर्विरोध स्पष्ट दिसतो. त्याची संहिता बहुतांशी सेलासीने १९६३ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत केलेल्या भाषणावर बेतलेली आहे. वर्णश्रेष्ठत्वाच्या कल्पनेचा त्याग झाल्यावाचून शांतता नाही, हे तिचे सूत्र. समतेचा हा उद्घोष मूळचा एका सम्राटाचा. आणि गीत प्रसिद्ध झाले तेव्हा तो सम्राट पदच्युत (१९७४) होऊन निवर्तलाही (१९७५) होता. तरीही गीत निष्प्रभ ठरत नाही, कारण राजनैतिक गद्य तालात बांधले जाताना त्याचा वक्ताच बदलतो. आमसभेतील शब्द किंग्स्टनच्या वस्तीत वाढलेल्या गायकाच्या कंठातून येतात, तेव्हा त्यांमागील अधिकार राजाकडून समूहाकडे सरकतो.

रास्ताफारी बोलीने हे स्थित्यंतर आधीच शक्य केले होते. तिच्यातील 'आय अँड आय' हे सर्वनाम 'मी', 'तू' आणि 'आपण' यांना एकाच पातळीवर आणते. प्रत्येकाच्या ठायी एकच ईश्वर वसतो, ही श्रद्धा येथे व्याकरणाचे रूप घेते. रेगेतील निवेदक एकवचनी असूनही सामुदायिक वाटतो, त्याचे मूळ या बोलीत आहे.

तथापि या समतेच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. पंथाच्या पारंपरिक आचारात स्त्रीचे स्थान दुय्यम राहिले. मार्लीला साथ देणाऱ्या 'आय थ्रीज' या त्रयीतील ज्युडी मोवॅट हिने 'ब्लॅक वुमन' या संग्रहातून कृष्णवर्णीय स्त्रीचा स्वतंत्र स्वर उमटविला. पंथाची समता अपुरी कोठे होती, हे या संग्रहाच्या संदर्भात तपासता येते.

ज्या १९६३ साली सेलासीचे ते भाषण झाले, त्याच वर्षी जमैकात कोरल गार्डन्स प्रकरणात रास्ताफारींवर पोलिसी अत्याचार झाले. सरकारने त्याबद्दल क्षमा मागितली ती २०१७ साली. पुढच्याच वर्षी युनेस्कोने रेगेला सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. हा गौरव उचितच आहे. परंतु वारसा म्हणून जतन होताना रेगेतील अस्मिता तेवढी साजरी होण्याचा आणि समतेची मागणी मागे पडण्याचा धोका संभवतो. ही मागणी अपूर्ण आहे तोवर या गीतांचे वाचन केवळ स्मरणोत्सव ठरू नये.