‘परिपूर्ती’ : एक राहिलेला प्रश्न

मराठी ललितगद्यात घर पुष्कळ आहे. पण त्या घरातले आईबाप बहुधा पूर्ण वाढ झालेले असतात. मुले चुकतात, रडतात, शहाणी होतात. आईबाप मात्र पहिल्या पानावर जसे भेटतात तसेच शेवटच्या पानावर आपला निरोप घेतात. आपल्या साहित्यातली आई बव्हंशी मुलाने आठवलेली आई आहे. आई होता होता एखादी बाई कशी बदलत गेली, हे त्या बाईनेच सांगितल्याची उदाहरणे फार थोडी. त्या थोड्यांत इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ या छोट्या लेखाचे स्थान मला फार वरचे वाटते. हा लेख मी किती वेळा वाचला असेल, त्याची गणती नाही. परंतु गेल्या थंडीत तो मोठ्याने वाचीत असता माझ्या मुलीने मला एक प्रश्न विचारला, आणि माझे आजवरचे वाचन अपुरे होते, असे ध्यानात आले. त्याविषयी चार शब्द लिहायचे आहेत.

प्रारंभीच एक कबुली द्यायला हवी. मी मॅट्रिकच्या पुढे शिकले नाही. पुण्यातल्या एका बालवाडीत शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. समीक्षेची परिभाषा माझ्यापाशी नाही. जे वाचले ते आणि जे घरात घडले ते शेजारी शेजारी ठेवून पाहणे, एवढेच मला जमते.

आधी आपल्या परंपरेकडे वळू. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात. पुस्तक प्रसिद्ध झाले १९३५ साली. पुढे आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये त्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला चित्रपट ठरला. मराठी घरात आईची जी प्रतिमा रुजली तिच्यात या पुस्तकाचा वाटा केवढा मोठा आहे, हे सांगायला नको. त्या पुस्तकाविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण त्याची दृष्टी मुलाची आहे. सांगणारा श्याम आहे. आई ही त्याने जन्मभर मनात जपलेली मूर्ती आहे. ती गरिबीने गांजते, आजाराने खंगते, पण तिला मुलाकडून काही शिकायचे आहे, असे आपल्याला कधी वाटत नाही. शिकायचे असते ते श्यामला.

दुसरी परंपरा लघुनिबंधाची. ना. सी. फडके यांनी ‘गुजगोष्ट’ रूढ केली आणि तिच्यामागून घरगुती विषयांना मानाचे पान मिळाले. चहाचा पेला, हरवलेली किल्ली, मुलांचा गोंगाट यांवर लिहिणे प्रतिष्ठेचे झाले. मराठी गद्याला त्यामुळे एक मोकळेपणा आला, हे खरेच. परंतु या निबंधांतला ‘मी’ बहुधा खुर्चीतून उठत नाही. मूल येते, गमतीचे काही बोलते, लेखकाला एक विचार सुचतो आणि निबंध संपतो. मूल निमित्तमात्र. चि. वि. जोशी यांच्या चिमणरावाची फजिती आपल्याला पोटभर हसवते. पण फजितीतून चिमणराव शहाणा झाला तर विनोदच संपेल, म्हणून तो होत नाही. या साऱ्यांत लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वेगळी पडतात. १९३४ ते १९३६ या काळात ती भागशः प्रसिद्ध झाली. आपलेच हसे करून घेत, आपलेच सोवळे आपणच सोडीत गेलेली ही गृहिणी पानागणिक बदलत जाते. माझ्या मते ‘परिपूर्ती’चे खरे माहेर या पुस्तकात आहे.

आता प्रत्यक्ष लेखाकडे येते. इरावतीबाईंचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. शिक्षणासाठी त्या लहानपणीच पुण्याला हुजूरपागेत आल्या आणि रँग्लर परांजपे यांच्या घरी वाढल्या. जर्मनीत जाऊन त्यांनी मानवशास्त्रातली डॉक्टरेट मिळवली; १९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या. महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे सासरे. फर्ग्युसन कॉलेजचे दिनकर धोंडो कर्वे हे पती. ‘परिपूर्ती’ हा त्यांचा ललितलेखांचा संग्रह १९४९ साली निघाला आणि त्यातल्या एका लेखाचे नाव त्याला मिळाले. त्या लेखाचा गाभा एवढाच : एका सभेत त्यांची ओळख करून दिली जाते. कोणाची सून, कोणाची पत्नी, सारे यथास्थित सांगून होते. तरी त्यांना वाटत राहते की, यात काहीतरी राहिले. पुढे एकदा त्या रस्त्याने चालल्या असता काही शाळकरी पोरे एकमेकांना सांगतात की, ही आपल्या वर्गातल्या अमक्याची आई. आणि राहिलेले भरून आले, असे लेखिकेला वाटते.

या लेखावर एक आक्षेप मी वाचकमंडळांतून वारंवार ऐकला आहे. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या, त्यासाठी १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणाऱ्या विदुषीला शेवटी पूर्णता वाटावी ती कोणाची तरी आई म्हणवून घेण्यातच? मग सून आणि पत्नी या ओळखींनी काय घोडे मारले होते? आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. पण त्याचे उत्तर लेखातच आहे, असे मला वाटते; फक्त ते शोधताना लेखिकेचा धंदा विसरून चालणार नाही.

इरावतीबाईंनी आयुष्यातली कितीतरी वर्षे नात्यांचे शब्द गोळा करण्यात घालवली. भारतातल्या आप्तसंबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली आला. कोणत्या प्रदेशात कोण कोणाला काय म्हणते, यावरून समाजाची घडण वाचणारी ही बाई. आईबापांना मुलाच्या नावाने ओळखण्याच्या रीतीला मानवशास्त्रात ‘टेक्नॉनिमी’ असा शब्द आहे. आपल्या घरोघर ‘बाळूचे बाबा’ आणि ‘ताईची आई’ याच रीतीने वावरत आले. तेव्हा रस्त्यावरच्या पोरांनी वापरलेला शब्द तिच्या कानाला नुसता गोड लागला नसणार. तो कोणत्या दिशेने आला, हेही तिला कळले असणार.

सभेतल्या ओळखीत ‘कर्वे’ हे नाव वरून खाली येते : सासरे, मग पती, मग ती. पोरांच्या तोंडी तेच आडनाव आहे, पण ते खालून वर येते. त्या पोरांना महर्षी ठाऊक असतील वा नसतील. त्यांच्या लेखी कर्वे म्हणजे शेजारच्या बाकावर बसणारा एक मुलगा. एवढे थोर नाव, पण इथे ते बाकावर उतरले आहे. सुनेची ओळख तिला लग्नाने मिळाली, विदुषीची परिश्रमाने. ही तिसरी ओळख मात्र कोणी समारंभाने दिली नाही, आणि मागून मिळणारीही नव्हती. ज्यांना तिच्याकडून काहीही नको, अशा पोरांनी ती सहज दिली. सभेतून रस्त्यावर आणि थोरांकडून पोरांकडे हा जो प्रवास लेखात घडतो, तो आई होण्यातला मोठा धडा आहे, असे मी समजते. आपण एका गोष्टीचे नायक होतो. आता दुसऱ्याच्या गोष्टीतले एक पात्र झालो आणि तरी लहान झालो नाही. आक्षेप घेणाऱ्यांना यात शरणागती दिसते. मला यात विनोदबुद्धी दिसते, आणि ती ज्याला साधली तो वाढला असे मी म्हणेन.

इथवरचे माझे वाचन जुने आहे. पुढचे गेल्या थंडीतले.

आमच्या बालवाडीच्या फाटकाशी रोज साडेअकराला बायकांची गर्दी होते. वीसएक वर्षे मी तिथे उभी राहून हाका मारीत आले : अमकीची आई, पाण्याची बाटली राहिली, तमक्याची आई, उद्या नखे कापून पाठवा. कित्येकींची नावे मला अजूनही ठाऊक नाहीत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावापाठोपाठ आईचे नाव लिहिण्याचा नियम महाराष्ट्र शासनाने केला. म्हणजे मुलाने आईला नाव द्यायचे आणि आईनेही मुलाला द्यायचे, असा हा दुहेरी व्यवहार आता कागदावर आला. फाटकाशी मात्र एकच बाजू चालते. मला त्यात कधी खटकले नव्हते. इरावतीबाईंच्या लेखाने उलट माझी पाठराखणच केली होती.

त्या रविवारी सकाळी मंडईतून आणलेला मटार आम्ही मायलेकी सोलीत होतो. आमच्या घरी थंडीतले हे एक सुख असते : खाली वर्तमानपत्र, मध्ये पातेले, आणि दर चार दाण्यांतला एक तोंडात. मुलगी नववीत आहे. मी सोलता सोलता तिला ‘परिपूर्ती’ वाचून दाखवली. माझा आवाज शेवटी नेहमीप्रमाणे जड झाला असावा. ती शेंग फोडीत म्हणाली, “छान आहे. पण ही आईची गोष्ट झाली. त्या मुलाला कुणी विचारलं?”

मी म्हटले, “त्याला काय विचारायचं?”

“हेच की, तुझं नाव घेऊ का. तू मला कुठं विचारलं होतंस?”

तिचा रोख मला कळला. तीन वर्षांपूर्वी निघालेल्या माझ्या कादंबरीत एक मुलगी आहे. ती अंधाराला भिते, आणि त्या भीतीपोटी तिच्या हातून जे घडते तेही मी लिहिले आहे. ते माझ्या मुलीचे होते. ते पान मला फार साधले, असे अनेकांनी कळवले. तिच्या वर्गातल्या मुलींनीही ते वाचले होते, आणि त्यांनी तिला कोणत्या नावाने ओळखायला सुरुवात केली, हे तिने मला तीन वर्षे सांगितले नव्हते. रस्त्यावरच्या पोरांनी एका आईला नाव दिले; माझ्या कादंबरीने एका मुलीला नाव दिले. पहिल्या नावाने सुख झाले. दुसऱ्याने काय झाले, ते मटार सोलता सोलता मला कळले.

त्या रात्री मी लेख पुन्हा काढला, तो आता दोष शोधण्यासाठी. प्रश्न खरा होता : ज्याच्यामुळे ही परिपूर्ती, तो मुलगा लेखात कुठे आहे? ओळख देणारी पोरे आहेत, ओळख घेणारी आई आहे. त्याचे म्हणणे आपल्याला कळत नाही. आधी मला हे न्यून वाटले. मग सावकाश लक्षात आले की, त्या मुलाविषयी लेखिका जवळजवळ काही सांगतच नाही. तो कसा दिसतो, कशाला भितो, अभ्यासात कसा आहे, काही नाही. एवढ्या सूक्ष्म नजरेच्या बाईला, माणसे न्याहाळणे हाच जिचा व्यवसाय तिला, घरातल्या मुलाविषयी सांगण्यासारखे नव्हते, असे थोडेच आहे? तिने त्याच्याकडून फक्त नाव घेतले आणि बाकीचे त्याचे त्याच्यापाशी राहू दिले. मला न्यून वाटले तो तिचा संयम होता. त्या संयमामुळेच लेख आजही शिळा होत नाही, असे माझे मत झाले आहे. तो विरघळत नाही, कौतुकाने ओथंबत नाही. आईपणावर लिहिलेला, पण मुलाला उघड्यावर न आणणारा असा लेख आपल्याकडे विरळा.

तरीही मुलीचा प्रश्न पुरता मिटत नाही. मुलांच्या बाजूने त्याचे उत्तर दुसऱ्या कोणी द्यायचे असते. योगायोग असा की, याच घरातल्या दोन्ही मुली लेखिका झाल्या : जाई निंबकर इंग्रजीतून, गौरी देशपांडे मुख्यतः मराठीतून. गौरीबाईंचे ‘एकेक पान गळावया’ १९८० साली आले. त्यांच्या नायिका घरावर, मुलांवर, माणसांवर भरभरून प्रेम करतात आणि कोणाचीही कोणी एवढ्याच ओळखीवर थांबायला नकार देतात. त्यांचे लेखन म्हणजे आईला दिलेला जबाब, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे साहित्याला घरगुती भांडणाच्या पातळीवर आणणे होईल. पण ‘परिपूर्ती’ वाचून झाल्यावर तो संग्रह हाती घ्यावा, असे मी वाचकांना सुचवीन. आईला जे भरून पावल्यासारखे वाटले, तिथून पुढच्या पिढीची बाई नव्याने मोजदाद सुरू करते, हे दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचली म्हणजे दिसते.

आता मी फाटकाशी एका वहीत बायकांची नावे लिहून घेते. एकदोघी लाजल्या. एक म्हणाली, “बाई, राहू द्या की, तीच हाक बरी वाटते.” तिला मी तीच हाक मारते. कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली तर ते पान ठेवायचे की नाही, हे मुलगी ठरवील. तिने अजून ठरवलेले नाही आणि मी विचारीत नाही.

हा लेख संपादकांकडे धाडण्यापूर्वी तिला वाचायला दिला. मटाराचा प्रसंग राहू दे, म्हणाली. दोन वाक्ये मात्र काढायला सांगितली. ती काढली आहेत.