वाचायचे की पाहायचे? : कॅथलिक चर्चमधील रंगीत काचचित्रांच्या आकलनाचा प्रश्न

प्रास्ताविक

मध्ययुगीन ख्रिस्ती कलेचा परिचय करून देणाऱ्या पुस्तकांत चर्चमधील रंगीत काचचित्रांविषयी एक विधान हमखास आढळते. ही काचचित्रे म्हणजे निरक्षरांचे, गरिबांचे बायबल होय, असे ते विधान. वर्गात ते सांगायला सोपे आणि उत्तरपत्रिकेत लिहायला त्याहून सोपे. त्याची मुळे पोप पहिला ग्रेगरी याने इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेयचा बिशप सेरेनस यास लिहिलेल्या पत्रापर्यंत नेली जातात. अक्षरशत्रू माणसाला ग्रंथातून जे मिळत नाही ते चित्रातून मिळते, असा त्या पत्राचा आशय आहे. तथापि ते पत्र एकूण चर्चमधील चित्रांविषयीचे आहे आणि काचचित्रांच्या बहराच्या किमान पाच शतके आधीचे आहे. 'गरिबांचे बायबल' हे नाव तर मध्ययुगाच्या अखेरच्या काळातील सचित्र पुस्तकांचे. त्यांत चित्रांभोवती मजकुराची इतकी दाटी असते की निरक्षर वाचकाला त्यांचा उपयोग होणे कठीण. मॅडलिन कॅव्हिनेस या अभ्यासिकेने १९९२ मध्ये या समजुतीबद्दल रीतसर प्रश्न उपस्थित केला; तरीही ती पाठ्यपुस्तकांतून हललेली नाही.

प्रस्तुत लेखाचा आक्षेप थोडा वेगळा आहे. काचचित्राला ग्रंथ मानले की त्याची समीक्षा कथानकाच्या ओळखीपाशी संपते : हा आदाम, ही मरिया, हा संत अमुक. कारागिराने काच, शिसे आणि प्रकाश यांतून काय साधले, हे विचारण्याचे कारणच उरत नाही. आणि चर्चमधील काचेविषयी आठशे-नऊशे वर्षांत जे वाद झाले, अगदी पॅरिसमधील चालू दशकातील वादही, ते प्रामुख्याने कथानकावरून झालेले नसून प्रकाशावरून झालेले आहेत.

शार्त्र येथील शोमरोनी खिडकी

शार्त्रच्या कॅथीड्रलचा मोठा भाग ११९४ च्या आगीत नष्ट झाला व पुढील काही दशकांत नवी वास्तू उभी राहिली. १२६० मध्ये तिचा अभिषेक झाला. मूळच्या सुमारे पावणेदोनशे खिडक्यांपैकी बहुसंख्य आजही जागेवर आहेत, ही युरोपात दुर्मीळ म्हणावी अशी गोष्ट. दोन्ही महायुद्धांच्या काळात ही काच उतरवून सुरक्षित ठिकाणी हलविण्यात आली होती.

या वास्तूच्या दक्षिण बगलेतील 'चांगला शोमरोनी' ही खिडकी वाचनाच्या कल्पनेची परीक्षा पाहण्यास सोयीची आहे. ती खालून वर वाचायची असते. तळाशी जोडे बनविणारे कारागीर कामात गढलेले दिसतात. त्यांच्यावर येशूने सांगितलेला दृष्टान्त सुरू होतो : यरुशलेमहून यरीहोकडे निघालेला वाटसरू, त्याला लुटणारे चोर, पाहून न पाहिल्यासारखे करणारे याजक व लेवी, आणि जखमा बांधून त्याला उतारशाळेत नेणारा परका शोमरोनी. इथपर्यंत चित्र खरोखर 'वाचता' येते. पण खिडकीच्या मध्यावर कथा अचानक तुटते आणि वरच्या अर्ध्या भागात आदामाची निर्मिती, हव्वा, निषिद्ध फळ, एदेन बागेतून हकालपट्टी व काइनाने केलेला हाबेलचा वध हे प्रसंग येतात. सर्वांत वर ख्रिस्त विराजमान आहे.

या दोन कथांचा संबंध चित्रात कोठेही सांगितलेला नाही. तो आहे चर्चच्या प्राचीन भाष्यकारांच्या परंपरेत. त्या परंपरेनुसार वाटसरू म्हणजे आदाम, अर्थात अखिल मानवजात. यरुशलेम म्हणजे नंदनवन. चोर म्हणजे पाप व सैतान. शोमरोनी म्हणजे ख्रिस्त आणि उतारशाळा म्हणजे चर्च. हे भाष्य ज्याने प्रवचनातून ऐकले आहे त्यालाच खालची कथा वर का वळली ते कळेल. आपल्याकडे कीर्तनकाराने लावून दाखविलेला अभंगाचा अर्थ श्रोत्याला नंतर मंदिरातील मूर्तीसमोर आठवावा, तसे हे आहे. चित्र शिकवीत नाही. ते शिकलेल्याला आठवण करून देते. म्हणजे ही खिडकी प्रवचनाची जागा घेत नाही, ती प्रवचन गृहीत धरते.

तळाच्या कारागिरांविषयीही सावध राहायला हवे. व्यवसायसंघांनी श्रद्धेने दान दिले म्हणून त्यांची चित्रे आली, असे दीर्घकाळ मानले जात होते. जेन वेल्च विल्यम्स यांनी १९९३ मधील आपल्या ग्रंथात हा सरळ हिशेब नाकारला आणि या चित्रांत शार्त्रच्या धर्मसत्तेची नगरातील व्यापार-व्यवसायांकडे पाहण्याची दृष्टी शोधली. राजसत्तेच्या खुणा तर उघडच आहेत. उत्तरेकडील चक्राकार खिडकीत फ्रान्सच्या राजघराण्याची लिलीफुले व कास्तीलचे किल्ले आहेत. दक्षिणेकडे, ब्रिटनीचा ड्यूक पिएर द द्रो याच्या दानातून झालेल्या खिडक्यांत, यशया, यिर्मया, यहेज्केल व दानीएल या चार संदेष्ट्यांच्या खांद्यांवर चार शुभवर्तमानकार बसलेले दाखविले आहेत. जुन्या कराराच्या आधारावर नवा करार उभा आहे, हे तत्त्व इतक्या धिटाईने क्वचितच चितारले गेले असेल.

येथे कारागिरांची एक सूक्ष्म जाण नोंदवावीशी वाटते. डोळ्यांच्या टप्प्यात येणाऱ्या खालच्या खिडक्यांत त्यांनी लहान लहान चौकटींतून कथा सांगितल्या. उंचावर मात्र बहुधा एकेक भव्य आकृती उभी केली. कोठे वाचता येईल आणि कोठे केवळ पाहता येईल, हे त्यांना नेमके ठाऊक होते. आपण ते विसरलो, याला छायाचित्रण मोठ्या प्रमाणात जबाबदार आहे. एमिल माल यांच्या १८९८ च्या विख्यात ग्रंथाने काचेकडे आशयाच्या दृष्टीने पाहण्याची शिस्त घालून दिली आणि रंगीत छायाचित्रांनी तिला बळ दिले. पुस्तकात किंवा पडद्यावर प्रत्येक चौकट डोळ्यांसमोर येते; तेराव्या शतकातील कोणत्याही भाविकाला हे भाग्य लाभले नव्हते. पॅरिसच्या सँत-शापेलमध्ये सुमारे १५ मीटर उंचीच्या १५ खिडक्यांत १११३ प्रसंग आहेत. त्यांपैकी वरचे प्रसंग जमिनीवरून उलगडणे अशक्यप्राय आहे. शिवाय १२४८ मध्ये अभिषेक झालेले हे वरच्या मजल्याचे प्रार्थनास्थळ राजाचे व त्याच्या दरबाराचे होते. गरिबांचा तेथे प्रवेशच नव्हता.

काच, शिसे आणि रंग

बाराव्या शतकाच्या आरंभी थिओफिलस या संन्याशाने लिहिलेल्या कलाविषयक ग्रंथात काचचित्राची कृती सविस्तर आली आहे. वाळू आणि बीच वृक्षाची राख भट्टीत वितळवायची. चुना फासलेल्या फळीवर आराखडा काढायचा. तापल्या लोखंडाने काच तडकवून हव्या त्या आकाराचे तुकडे करायचे. चेहरा, बोटे, वस्त्रांच्या चुण्या धातूच्या भस्माने व काचेच्या पुडीने रंगवून पुन्हा भाजायच्या. शेवटी शिशाच्या पट्ट्यांनी तुकडे जोडायचे. या पद्धतीत रंग काचेवर लावलेला नसतो, तो काचेच्या अंगात असतो. निळा कोबाल्टचा, लाल तांब्याचा. तांब्याचा लाल इतका गडद की जाड काच काळीच दिसावी. म्हणून रंगहीन काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवीत. चौदाव्या शतकाच्या आरंभी चांदीच्या संयुगापासून पिवळा रंग काचेवर भाजून काढण्याची युक्ती सापडली आणि एकाच तुकड्यावर केस व चेहरा वेगवेगळ्या रंगांत दाखविता येऊ लागले.

शिशाची काळी रेषा ही या कलेची अडचण नव्हे, तिचा कणा आहे. निळा रंग दुरून पसरतो, शेजारच्या रंगावर आक्रमण करतो; काळी रेषा त्याला आवर घालते. 'निळी मरिया' म्हणून ओळखली जाणारी शार्त्रची सुमारे ११८० ची प्रतिमा आगीतून वाचली व पुढे तेराव्या शतकातील देवदूतांच्या चौकटींत बसविली गेली. तिचा फिकट, पाण्यासारखा निळा आणि भोवतीचा गडद निळा यांतील अंतर आजही जाणवते. ते अंतर कोणत्याही कथानकाच्या सूचीत सापडणार नाही.

एकोणिसाव्या शतकात म्युनिकच्या व इतर कारखान्यांनी जगभर पाठविलेल्या काचचित्रांत हा कणाच दुबळा झाला. तैलचित्रासारखी छायाप्रकाशाची सफाई, खोलीचा भास आणि भावुक चेहरे यांसाठी काचेवर इतके रंगकाम झाले की प्रकाशाला वाट उरली नाही. शिसे लपविण्याकडे कल वाढला. कथा ओळखू येते, काच मात्र हरवते. ग्रंथवादी दृष्टीला या खिडक्यांत काही उणे सापडू नये, यातच त्या दृष्टीची मर्यादा दिसते.

प्रकाश कोणाचा?

सँ-देनी मठाचा अधिपती स्यूजेर याने ११४४ मध्ये अभिषेक झालेल्या आपल्या नव्या गाभाऱ्यात रंगीत काचेला मानाचे स्थान दिले. तेथील काही चित्रांचा गूढार्थ सांगणारी लॅटिन पद्ये त्याने स्वतः नोंदविली. ती निरक्षरांसाठी नव्हती हे उघड आहे. त्याच्यासाठी पार्थिव प्रकाश हा अपार्थिवाकडे नेणारा जिना होता. त्याच सुमारास सिस्टर्शियन संघाने आपल्या मठांत काच पांढरी, चित्रविरहित असावी असा नियम केला. दोन्ही पक्ष कॅथलिक, दोन्ही श्रद्धावान. मतभेद होता तो प्रार्थनेला कोणता प्रकाश पोषक, यावर. अठराव्या शतकात पारडे पुन्हा फिरले. पॅरिसच्या नोत्र-दाममध्ये ल व्हिएल कुटुंबातील काचकारांकरवी मध्ययुगीन रंगीत काच काढून स्वच्छ काच बसविली गेली. तीन चक्राकार खिडक्या तेवढ्या राखल्या. धर्माधिकाऱ्यांनाच अधिक उजेड हवा होता.

रंगीत काच म्हणजेच कॅथलिक चर्च, हे समीकरण आपल्याकडेही तपासून पाहण्याजोगे आहे. गोव्यातील पोर्तुगीजकालीन चर्चमध्ये खिडक्यांना दीर्घकाळ काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ चकत्या लाकडी चौकटींत बसविल्या जात. त्यांतून येणारा दुधी, मवाळ उजेड सोनेरी वेदीवर पडतो. तेथे प्रतिमा वेदीवर असते आणि खिडकी तिची सेवा करते. शार्त्रमध्ये खिडकीच प्रतिमा होते.

विसाव्या शतकातील उत्तम प्रयत्नांनी हा मूळ प्रश्न नव्याने विचारला. वाँस येथील डोमिनिकन भगिनींच्या १९५१ मध्ये पूर्ण झालेल्या प्रार्थनामंदिरात आंरी मातीस याने पिवळा, हिरवा व निळा असे तीनच रंग वापरले. पानांच्या आकारांपलीकडे खिडक्यांत काही नाही. पिवळी काच धूसर आहे, इतर दोन पारदर्शक. चित्र खिडकीत संपत नाही, ते पांढऱ्या फरशीवर सरकत राहते. काँक येथील रोमनेस्क मठचर्चसाठी पिएर सूलाज याने १९८७ ते १९९४ या काळात १०४ खिडक्या रंगहीन, अर्धपारदर्शक काचेत केल्या. सिस्टर्शियनांना त्या पसंत पडल्या असत्या.

कोलोनच्या कॅथीड्रलमधील गेरहार्ट रिश्टर याची खिडकी ऑगस्ट २००७ मध्ये खुली झाली. ७२ रंगांचे सुमारे ११ हजार चौकोन, मांडणीत संगणकाने साधलेली यदृच्छा, आणि एकही आकृती नाही. कार्डिनल योआखिम माइस्नर यांनी ही खिडकी मशिदीत अधिक शोभेल असा अभिप्राय दिला. त्यामागील चिंता पोकळ नव्हती : जिथे अवतार हा श्रद्धेचा केंद्रबिंदू आहे तेथे मानवी आकृतीच नसावी, हे कोणत्याही धर्मगुरूला खटकेल. तरीही प्रस्तुत लेखकाच्या मते ही खिडकी म्युनिकच्या सफाईदार संतांपेक्षा शार्त्रच्या अधिक जवळची आहे, कारण तिने रंगाला पुन्हा काचेच्या अंगात ठेवले. तिची उणीव दुसरीकडे आहे. तिच्यात दृष्टीला विसावा नाही, निळ्याला आवर घालणारा कोणताही निर्णय नाही. यदृच्छा रंग शेजारी ठेवते, त्यांची भांडणे मिटवीत नाही.

काळोखाविषयीही आपण भाबडे राहू नये. शार्त्रच्या अंतर्भागाची स्वच्छता २००९ पासून हाती घेण्यात आली आणि भिंती फिकट पिवळसर झाल्या. काळ्या भिंतींवर तळपणारी काच निस्तेज झाली, अशी टीका २०१४ मध्ये जोरात झाली. पण मूळ भिंतींवर पिवळसर लेप आणि पांढऱ्या रेषांची खोटी सांधणी होती, याचे पुरावे त्याच कामात पुढे आले. ज्या गूढ अंधाराला आपण मध्ययुगीन अध्यात्म समजत होतो तो बराचसा मेणबत्त्यांचा आणि शतकांचा काजळीथर होता.

पॅरिसमधील वाद

१५ एप्रिल २०१९ च्या आगीत नोत्र-दामच्या दक्षिण बगलेतील चॅपेलांच्या खिडक्यांना इजा झाली नव्हती. व्हियोले-ल-द्युक याच्या देखरेखीखाली एकोणिसाव्या शतकात बसविलेल्या या बहुतांश रंगहीन, नक्षीदार खिडक्या. त्यांपैकी सहा चॅपेलांत समकालीन काचचित्रे बसवावीत ही पॅरिसच्या आर्चबिशपांची इच्छा राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी डिसेंबर २०२३ मध्ये उचलून धरली. जुलै २०२४ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय वारसा व वास्तुकला आयोगाने प्रस्तावाविरुद्ध एकमताने कौल दिला. लाखाहून अधिक लोकांनी विरोधाच्या निवेदनावर सह्या केल्या. तरीही डिसेंबर २०२४ मध्ये चित्रकार क्लेअर ताबुरे व सिमाँ-मार्क कार्यशाळा यांची निवड झाली. विषय पेंटेकॉस्टचा, आणि आकृतिप्रधान चित्रणाची अट.

समर्थकांचा युक्तिवाद विषयावर उभा आहे : निरनिराळ्या भाषांचे लोक एकमेकांना समजू लागले, हा पेंटेकॉस्टचा प्रसंग आजच्या जगाला काही सांगतो. विरोधक कायदा आणि वारसा यांचा दाखला देतात. नव्या काचेला नोत्र-दाममध्ये मुळातच जागा नाही असे कोणी म्हणू शकत नाही. १९३० च्या दशकात पेटलेल्या अशाच वादानंतर जाक ल शव्हालिए यांची अमूर्त काचचित्रे १९६० च्या दशकात वरच्या खिडक्यांत बसलीच. मात्र ती रिकाम्या झालेल्या प्रकाशाला रंग देण्यासाठी आली होती. व्हियोले-ल-द्युक हा नुसता जीर्णोद्धारक नव्हता. दुरून दिसणाऱ्या रंगांचे परस्परांवर होणारे परिणाम, विशेषतः निळ्याचे पसरणे, याची पद्धतशीर मांडणी करणाऱ्या पहिल्या अभ्यासकांपैकी तो एक. बगलेतील नक्षीदार काच त्याने कथा सुचली नाही म्हणून लावलेली नाही. वरच्या व गाभाऱ्याकडील रंगीत खिडक्यांना पुरेसा शांत शेजार मिळावा, हा त्यामागील हिशेब होता. दक्षिणेकडून दिवसभर ऊन येते. त्या उन्हाला सहा ठिकाणी गडद रंग मिळाल्यावर समोरच्या उत्तर बगलेचे आणि मधल्या दालनाच्या दगडाचे काय होईल, हा प्रश्न वादाच्या दोन्ही बाजूंनी जवळजवळ सोडून दिला आहे. त्याचे उत्तर आराखड्याच्या चित्रावरून देता येत नाही. काच बसल्यानंतर, निदान एका हिवाळ्यात आणि एका उन्हाळ्यात, दिवसाच्या वेगवेगळ्या प्रहरी तेथे उभे राहूनच ते द्यावे लागेल.