टवाळीतली समीक्षा

'स्टार वॉर्स'वर माझा पिंड पोसलेला नाही. त्या मालिकेतले चित्रपट मी उशिरा पाहिले आणि त्यांच्याविषयी मला भक्ती नाही, रागही नाही. तरीही त्यातल्या 'द फँटम मेनेस' या चित्रपटावरचं ७० मिनिटांचं एक परीक्षण मी पुन्हा पुन्हा लावतो आणि दर वेळी त्यातून सिनेमाबद्दल काहीतरी शिकतो. विनोदी ऑनलाइन परीक्षण हा प्रकार पोरकट टिंगलीचा आहे असं अजूनही बरेच जाणकार समजतात. मला तो गेल्या दोन दशकांतला समीक्षेचा सगळ्यात जिवंत प्रकार वाटतो. अट एकच, विनोद करणाऱ्याने समोरची कलाकृती डोळे उघडे ठेवून पाहिलेली असली पाहिजे. माझे आवडते भाग ते आहेत, ज्यांत हसू आणि मुद्दा वेगळे काढताच येत नाहीत.

ते ७० मिनिटांचं परीक्षण डिसेंबर २००९ मध्ये आलं. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या 'रेड लेटर मीडिया'च्या माइक स्टोक्लासाने ते केलं होतं. यूट्यूबवर तेव्हा दहा मिनिटांहून लांब व्हिडिओ टाकता येत नसे, म्हणून त्याचे सात तुकडे केले होते. बोलणारा आहे 'मिस्टर प्लिंकेट' नावाचा एक काल्पनिक म्हातारा. घोगरा, रेंगाळणारा आवाज, साध्या शब्दांचे धेडगुजरी उच्चार, मध्येच पिझ्झा रोलबद्दलची बडबड, आणि बोलता बोलता लक्षात येतं की हा माणूस बहुधा खुनी आहे. असल्या माणसाच्या तोंडी स्टोक्लासाने पटकथेचं अव्वल विवेचन घातलं आहे.

त्यातला सगळ्यात गाजलेला प्रसंग पाहा. काही ओळखीच्या लोकांना कॅमेऱ्यासमोर बसवून प्लिंकेट त्यांना एक काम देतो. पात्राचं वर्णन करा, पण ते दिसतं कसं, घालतं काय आणि करतं काय, हे सांगायचं नाही. जुन्या चित्रपटांतल्या हान सोलोचं नाव घेतल्याबरोबर लोक सुटतात. तो बेफिकीर आहे, फटकळ आहे, पैशांच्या मागे असतो पण मनाने चांगला आहे. विशेषणांचा पाऊस पडतो. मग नव्या चित्रपटातला क्वाय-गॉन येतो. लोक तोंड उघडतात, थांबतात, हसतात, पुन्हा प्रयत्न करतात. दाढी आहे असं म्हणता येत नाही, गुरू आहे असंही म्हणता येत नाही, आणि त्यापलीकडे बोलायला काही नाही. हा विनोद आहे आणि हा पुरावाही आहे. एरवी 'पात्रं सपाट आहेत' हे वाक्य आपण परीक्षणांत इतक्या वेळा वाचलेलं असतं की त्यावरून नजर घसरते. इथे ती सपाटी चार माणसांच्या अडखळण्यातून दिसते. पुढे कुठल्याही पटकथेला ही कसोटी लावून पाहावी. मी मराठी चित्रपटांना लावतो, आणि बरेच चित्रपट त्यात नापास होतात.

दुसरी जागा मला याहून मोलाची वाटते. या चित्रपटाच्या डीव्हीडीबरोबर निर्मितीचा एक माहितीपट आला होता. त्यात जॉर्ज लुकास आणि त्याचे सहकारी चित्रपटाचं कच्चं संकलन पाहून बसले आहेत. खोलीत अवघडलेपण आहे. संकलक बेन बर्ट सांभाळून सांगतो की जेमतेम दीड मिनिटात आपण नायकाच्या मृत्यूच्या शोकातून पलायनाकडे, तिथून जार जार या पात्राच्या विनोदाकडे आणि तिथून पोराच्या परतण्याकडे उड्या मारतो आहोत. आपण काही ठिकाणी वाहवत गेलो असू, अशी कबुली लुकासही देतो. प्लिंकेटने ही चित्रफीत शोधून काढून नेमक्या जागी लावली आहे. चित्रपटाच्या शेवटी चार लढाया एकाच वेळी चालतात, मैदानातली, अवकाशातली, महालातली आणि तलवारींची, आणि प्रत्येकीचा सूर वेगळा. प्लिंकेटचा हा मुद्दा चित्रपट बनवणाऱ्यांना स्वतःला त्या खोलीतच कळला होता, हे तो त्यांच्याच चेहऱ्यांवरून दाखवतो. असं संदर्भ-संशोधन कितीतरी गंभीर समीक्षकही करत नाहीत.

२०१० च्या अखेरीस आलेला 'रिव्हेंज ऑफ द सिथ'वरचा भाग काही चाहत्यांना सर्वोत्तम वाटतो, कारण तो लुकासच्या कारकिर्दीला थेट 'सिटिझन केन'शी जोडतो. मला मात्र त्यातला कोचाचा तुकडा प्रिय आहे. दोन पात्रं बोलत बोलत खोलीत येतात, खिडकीपाशी जातात, कोचावर बसतात. कॅमेरा एकदा ह्याच्या तोंडावर, एकदा त्याच्या तोंडावर. प्लिंकेट असे प्रसंग एकापाठोपाठ एक लावत जातो आणि काही मिनिटांत आपल्याला हसूही येतं आणि गुदमरायलाही होतं. हा तुकडा पाहिल्यापासून मला संध्याकाळच्या मराठी मालिका पूर्वीसारख्या पाहता येत नाहीत. तिथेही माणसं तशीच येतात, तशीच बसतात, आणि दोन कॅमेरे आळीपाळीने त्यांची तोंडं दाखवतात.

या भागांमधला एक दोष मात्र झाकता येणार नाही. प्लिंकेटच्या तळघरात बाईला डांबून ठेवल्याचं जे उपकथानक आहे, ते तेव्हाही घाणेरडं होतं आणि आज ते बघवत नाही. मुखवटा विक्षिप्त हवा होता हे खरं, पण विक्षिप्तपणासाठी बाईवरच्या अत्याचाराची गरज नव्हती. पिझ्झा रोलनेही काम भागलं असतं. हे भाग कुणाला दाखवायचे झाले तर मी ती सूचना आधीच देतो.

मुखवट्याची ही युक्ती स्टोक्लासाच्या आधी जेम्स रोल्फने हाताळली होती. न्यू जर्सीत वाढलेल्या या सिनेवेड्या मुलाने २००४ मध्ये मित्रांच्या करमणुकीसाठी जुन्या निन्टेन्डो गेमवर दोन छोट्या फिती केल्या आणि २००६ मध्ये त्या यूट्यूबवर टाकल्या. पांढरा शर्ट, खिशात पेनं, चष्मा, हातात बिअरची बाटली आणि तोंडात अखंड शिव्या, असा त्याचा 'अँग्री व्हिडिओ गेम नर्ड'. शिव्यांमुळे तो प्रसिद्ध झाला हे खरं, पण 'कॅसलव्हेनिया २: सायमन्स क्वेस्ट'वरचा त्याचा पहिलावहिला भाग शिव्या वगळून पाहिला तरी टिकतो. या गेममध्ये दिवस मावळला की खेळ थांबतो आणि पडद्यावर रात्र झाल्याची सूचना एकेक अक्षर करून उमटते. पहाट झाली की पुन्हा तेच. गावकऱ्यांशी बोलावं तर ते दिशाभूल करतात. आणि एका ठिकाणी लाल स्फटिक हातात धरून एका कड्यापाशी काही सेकंद गुडघे टेकून बसल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, तेव्हाच वावटळ येऊन तुम्हाला उचलून नेते. हे खेळणाऱ्याला कळावं कसं, हा नर्डचा सवाल आहे.

त्याच्या ओरडण्यामागचं दुःख खरं आहे. सायमन्स क्वेस्ट अमेरिकेत १९८८ मध्ये आला. पोरगं शनिवार-रविवारपुरतं कार्ट्रिज भाड्याने आणायचं, नाहीतर वर्षभर वाट पाहून वाढदिवसाला एक मिळवायचं. इंटरनेट नव्हतं, विचारायला कुणी नव्हतं. गेम निकृष्ट निघाला तर दुकानदार पैसे परत देत नसे आणि आपणच ढ आहोत असं त्या पोराला वाटत राही. नर्ड कित्येक वर्षांनी त्या पोराची बाजू मांडतो. चूक तुझी नव्हती, ज्यांनी हे बनवलं त्यांची होती, असं तो छाती ठोकून सांगतो. ग्राहकाच्या बाजूने इतक्या पोटतिडकीने उभा राहिलेला समीक्षक मला दुसरा आठवत नाही.

दुसरी सुरुवातीची फीत 'डॉक्टर जेकिल अँड मिस्टर हाइड'वर होती. २०१० मध्ये तो त्या गेमकडे परत गेला, आणि मला हा भाग पहिल्याहून आवडतो, कारण इथे तो गेमचे नियम शांतपणे उलगडून दाखवतो. जेकिल उजवीकडे चालतो, संताप अनावर झाला की त्याचा हाइड होतो आणि मग चाल उलट्या दिशेने सुरू होते. हाइड जेकिलच्या पुढे गेला की वीज कोसळून खेळ संपतो. कल्पना वाईट नव्हती, ती राबवणाऱ्यांनी माती केली. फसलेल्या गोष्टीतली मूळ कल्पना ओळखायला प्रेम लागतं. 'बिग रिग्ज'वरच्या २०१४ च्या भागात मात्र प्रेम करण्याजोगं काही नाही. प्रतिस्पर्धी ट्रक जागचा हलत नाही, आपला ट्रक इमारतींच्या आरपार जातो, उलटा चालवला तर वेगाला मर्यादाच नाही, आणि जिंकल्यावर मिळणाऱ्या करंडकावर चुकीचं इंग्रजी. नर्ड हे सगळं इमानाने दाखवतो. भाग धमाल आहे, पण त्यातून समजण्यासारखं फारसं हाती लागत नाही.

बेन क्रोशॉ ऊर्फ यात्झी हा या मंडळींतला खरा लेखक. २००७ ते २०२३ या काळात 'द एस्केपिस्ट' या संकेतस्थळावर दर बुधवारी येणारं त्याचं गेम-परीक्षण 'झिरो पंक्चुएशन' म्हणजे पिवळी पार्श्वभूमी, साधी काळी-पांढरी चित्रं आणि श्वास न घेता बोललेला पाच मिनिटांचा मजकूर. ज्याची ख्यातीच खोट काढण्याची, तो २००७ मध्ये 'पोर्टल' या गेमपाशी थांबला आणि यात मला दोष सापडत नाही असं सरळ सांगून मोकळा झाला. त्या एका कबुलीमुळे त्याच्या बाकीच्या सगळ्या टीकेला वजन आलं. २००९ मधला 'ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर'वरचा भागही माझ्या यादीत वर आहे. हा गेम १९९७ मध्ये जाहीर झाला होता, २००९ मध्ये तो बनवणाऱ्यांचा चमू विखुरला आणि यात्झीने न आलेल्या गेमचं परीक्षण करून टाकलं. गेम प्रत्यक्षात २०११ मध्ये आला.

आणि मग घसरण. २०१२ मध्ये 'सिनेमासिन्स' या यूट्यूब चॅनेलने चित्रपटातल्या चुका मोजायला सुरुवात केली. प्रत्येक चुकीला एक घंटी, कोपऱ्यात वाढत जाणारा आकडा. सुरुवातीचे व्हिडिओ काही मिनिटांचे होते, पुढे ते चांगलेच लांबले. घंटी वाजवायला कारण लागतं, मग पात्राने पुढच्याच दृश्यात दिलेलं उत्तरही चूक म्हणून मोजलं जाऊ लागलं. यात पाहणं संपतं आणि हिशेब उरतो. याची नक्कल शेकडोंनी केली, कारण ती करायला सोपी आहे. प्लिंकेटची करायला महिने लागतात.

दुसरा धडा 'नॉस्टॅल्जिया क्रिटिक' करणाऱ्या डग वॉकरचा. २०१९ मध्ये त्याने पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल'वर पूर्ण लांबीचं विडंबन केलं, त्यातल्या गाण्यांचंही. मेहनत भरपूर होती. पण युद्धात बाप गमावलेल्या, स्वतःभोवती भिंत उभारत गेलेल्या माणसाची ती गोष्ट त्याला फक्त रडगाणं वाटली. विडंबन करणाऱ्याने मूळ वस्तू स्वतःच्या बोटांनी चाचपून पाहिलेली नसली की काय होतं, त्याचा हा नमुना आहे. दुसऱ्या टोकाला आता तासन्‌तास चालणारे व्हिडिओ-निबंध आले आहेत. त्यांत अभ्यास असतो, पण हसणं हद्दपार झालेलं असतं, आणि त्याबरोबर पंधराव्या मिनिटाला प्रेक्षकाला धरून ठेवण्याची शिस्तही.

आपल्याकडे बेंगळुरूच्या कनन गिल आणि बिस्वा कल्याण रथ यांनी 'प्रिटेन्शस मूव्ही रिव्ह्यूज'मध्ये हिंदी चित्रपटांना हेच भिंग लावलं होतं. दोघांचं टायमिंग अप्रतिम होतं. पुढे ते स्टँडअपमध्ये मोठे झाले आणि ती मालिका मागे पडली. मला त्याची हळहळ वाटते. परीक्षण ही त्यांच्या कारकिर्दीची पायरी ठरली. रोल्फ आणि स्टोक्लासाने त्यातच घर केलं.

स्टोक्लासाची मंडळी आजही ताजी आहेत याचा पुरावा म्हणजे जानेवारी २०२३ मधला 'न्यूकी'चा भाग. 'न्यूकी' हा 'ई. टी.'ची नक्कल करणारा १९८७ चा एक भयंकर चित्रपट. चाहत्यांनी गंमत म्हणून त्याच्या व्हीएचएस टेप इतक्या पाठवल्या की ढीग साचला. तेव्हा सीलबंद टेपला दर्जा देऊन, प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करून हजारो डॉलरना विकण्याचं खूळ पसरलं होतं. यांनी एका टेपचा दर्जा रीतसर ठरवून घेतला, बाकीच्या लाकूड चिरडायच्या यंत्रात घालून भुगा केल्या आणि दर्जा मिळालेली ती एकच टेप ईबेवर लिलावाला लावली. ती ८०,६०० डॉलरना गेली आणि पैसे धर्मादाय संस्थांना दिले गेले. दुर्मीळता कशी तयार केली जाते यावर व्याख्यान देता आलं असतं. त्यांनी ती दुर्मीळता स्वतःच तयार करून, विकून दाखवली. परीक्षणाची मजल इथवर जाऊ शकते हे मला त्या दिवशी कळलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'एस्केपिस्ट'च्या मालकांनी संपादक निक कॅलंड्राला काढलं आणि व्हिडिओ करणाऱ्या चमूने राजीनामे दिले. यात्झीही बाहेर पडला. 'झिरो पंक्चुएशन' हे नाव, सोळा वर्षांचे सगळे भाग, सगळं मालकांकडे राहिलं. काही दिवसांतच 'सेकंड विंड' या नव्या, चमूच्याच मालकीच्या ठिकाणी त्याचं 'फुली रँब्लोमॅटिक' सुरू झालं. तोच आवाज, तोच वेग, आणि प्रेक्षक मागोमाग आले. या कलेपुढचा खरा धोका मला इथे दिसतो. ती दोन-चार माणसांच्या नजरेवर उभी आहे आणि ती माणसं ज्या जागेवर काम करतात ती जागा बहुतेकदा त्यांची नसते. रोल्फ आणि स्टोक्लासा इतकी वर्षं टिकले, कारण दुकान त्यांचं स्वतःचं आहे.

नव्याने पाहणाऱ्याने 'फँटम मेनेस'पासून सुरुवात करावी, मूळ चित्रपट पाहिलेला नसला तरी चालेल. मग 'सायमन्स क्वेस्ट', मग 'पोर्टल'. 'न्यूकी' सगळ्यात शेवटी ठेवावा, सलग पाहावा, आणि त्याआधी त्याबद्दल आणखी काही वाचू नये.