पॉल फॅब्रिनीचा हात

१९४० सालचा ‘दे ड्राइव्ह बाय नाइट’ हा बोलपट ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना बहुधा त्यांतला न्यायालयाचा प्रवेश आठवत असेल. आयडा लुपिनोनें तेथें उभें केलेलें वेड आहेहि तसेंच जबरदस्त. पण माझ्या मनांत तो बोलपट राहिला आहे तो हंफ्री बोगार्टच्या रिकाम्या बाहीमुळें. आणि ती बाही बोलपटानें वाऱ्यावर सोडून दिली, अशी माझी जुनी तक्रार आहे.

कथा थोडक्यांत अशी. ज्यो आणि पॉल फॅब्रिनी हे दोघे भाऊ कॅलिफोर्नियांत स्वतःच्या मालमोटारीनें फळफळावळ वाहून नेतात. मोटार कर्जाऊ, हप्ते थकलेले, वसुलीवाला पाठीशीं. रात्रीमागून रात्र चाकापुढें बसल्यावांचून गत्यंतर नाहीं. त्यांचा एक सोबती चाकावरच झोप लागून प्राणास मुकतो, तरी यांचें जागरण सुटत नाहीं. एकदां लिंबांच्या सौद्यांत बरे पैसे सुटतात, कर्ज फिटतें, आणि आतां सुखाचे दिवस आले असें वाटतें न वाटतें तोंच गाडी हांकतांना पॉलचा डोळा लागतो. गाडीचा चुराडा होतो आणि पॉलचा एक हात जातो. तेथून पुढें ज्यो एका वाहतूक कंपनीच्या कचेरींत शिरतो आणि कथाहि त्याच्या मागोमाग आंत शिरते. मालकाची बायको, तिची आसक्ति, नवऱ्याचा खून, खटला! हा उत्तरार्ध वॉर्नर ब्रदर्सनें आपल्याच १९३५ सालच्या ‘बॉर्डरटाउन’वरून उचललेला आहे, आणि जोड उघडी दिसते. पूर्वार्ध ए. आय. बेझेरिडीस याच्या ‘लाँग हॉल’ (१९३८) या कादंबरीचा. या लेखकाला मालमोटारींचा धंदा आंतून ठाऊक होता. म्हणूनच त्यांतलें तेल, घाम आणि जागरण खरें वाटतें.

इकडे पॉल घरीं बसून कुढतो, आणि पुढें भावाच्या हाताखालीं गाड्या रवाना करण्याचें काम त्याला मिळतें. बोगार्टनें हें कुढणें मोठ्या संयमानें दाखविलें आहे. पण हात गेला म्हणजे चाक गेलें, हें सर्वांनीं, खुद्द पॉलनेंहि, मनोमन गृहीत धरलेलें. आतां गंमत पहा. गाडी कोसळली तेव्हां पॉलचे दोन्ही हात शाबूत होते! घात केला तो झोपेनें आणि हप्त्यांनीं. अर्धा बोलपट हेंच आपल्याला सांगत असतो. आणि अपघात होतांच तो हाताला पात्रतेची कसोटी मानून मोकळा होतो.

अन्याय होऊं नये म्हणून एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या काळच्या मालमोटारीचें चाक फिरविणें म्हणजे अंगमेहनतीचें काम होतें. गिअर बदलावयाचा तर क्लच दोनदां दाबून इंजिनाची गति जुळवून घ्यावी लागे, आणि तोंवर सारी गाडी चाकावरच्या एका हाताच्या हवालीं. तो हातच नसेल तर? तेव्हां १९४० सालचा पॉल तसल्या गाडीवर पुन्हां चढला नाहीं, यांत असंभाव्य असें कांहीं नाहीं. माझा आक्षेप एवढाच कीं तो प्रश्न कोणी विचारीतहि नाहीं.

बेझेरिडीसच्याच कथेवर ज्यूल्स डॅसिननें १९४९ सालीं ‘थीव्हज् हायवे’ काढला. तेथें तर बापाचे दोन्ही पाय गेलेले आहेत, त्याची मोटार विकली गेली आहे, आणि युद्धावरून परतलेला मुलगा सूड घ्यावयास निघतो. उतारावरून सफरचंदें घरंगळत जातात तें दृश्य कोणी विसरणार नाहीं. बाप मात्र खुर्चींत बसून सूडाचें निमित्त पुरवितो, एवढेंच त्याचें काम.

आज त्याच अमेरिकेंत हा प्रश्न विचारला जातो, आणि तोहि मोठ्या चिकित्सेनें. ज्याला हात किंवा पाय नाहीं त्याला एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत मालमोटार नेण्यास सरसकट परवानगी नाहीं. परंतु योग्य तो कृत्रिम अवयव लावून, परीक्षकासमोर गाडी चालवून, त्याला कौशल्याचें प्रमाणपत्र मिळवितां येतें. तें फार तर दोन वर्षें चालतें. हाताच्या बाबतींत दोन पकडी पाहतात: खटके आणि गुंड्या फिरविण्याची नाजूक पकड, व चाक धरून वळविण्याची घट्ट पकड, आणि त्या दोन्ही प्रत्येक हातानें वेगवेगळ्या करून दाखवाव्या लागतात. म्हणजे लांकडाचा वा धातूचा हातहि चाक स्वतःच्या बळावर धरतो कीं नाहीं, हें पाहिलें जातें. अट कडक खरी. पण ती माणसाला ‘दाखव’ म्हणते. पॉलला तेवढेंहि कोणी म्हटलें नाहीं.

शिकणें सोपें असतें असें नव्हे. आतां चाकाला यंत्राची मदत असते, पुष्कळ गाड्यांचे गिअर आपोआप बदलतात. मात्र तसल्या गाडीवर परीक्षा दिली तर परवाना तसल्याच गाडीपुरता मिळतो. शिवाय गाडी हांकणें हा या विद्येचा एक भाग झाला. उंच बैठकीवर चढणें, मागचा डबा जोडणें, निघण्यापूर्वीं खालीं वांकून टायर व ब्रेक तपासणें, आणि तो लांबलचक डबा मागें रेटून नेमक्या जागीं लावणें, हेंहि सारें आलें. कृत्रिम पायाला पेडल कळत नाहीं. किती दाबलें गेलें तें मांडीवरच्या ताणावरून आणि इंजिनाच्या आवाजावरून ओळखावयास शिकावें लागतें. अशा उमेदवारीवर एखादा उत्तम बोलपट निघूं शकेल. खून-खटल्याची ठिगळें त्याला लावावीं लागणार नाहींत.

आणि नवल वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. ‘दे ड्राइव्ह बाय नाइट’चा दिग्दर्शक राऊल वॉल्श याचा उजवा डोळा १९२८ सालीं मोटारीच्या अपघातांतच गेला होता, ‘इन ओल्ड ॲरिझोना’च्या कामावर असतांना एक ससा समोरची कांच फोडून आंत आला. त्या बोलपटांतली भूमिका त्याच्या हातून गेली, नट म्हणून तो पुन्हां पडद्यावर आला नाहीं. पण दिग्दर्शन त्यानें सोडलें नाहीं. डोळ्यावर काळी पट्टी बांधून तो १९६४ पर्यंत बोलपट काढीत राहिला. पॉल फॅब्रिनीला रिकाम्या बाहीनिशीं कचेरींत बसविणारा माणूस हाच.