नकाशातील हत्ती

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याचे जुने कोरीव सागरी नकाशे पुष्कळ घरांतून चौकटीत बसवून भिंतीवर टांगलेले असतात. ते देखणे आहेत, याविषयी दुमत नाही. परंतु नकाशा केवळ पाहावयाचा नसून वाचावयाचा असतो, असे आम्हांस वाटते.

ॲमस्टरडॅमचे विलेम ब्लाऊ यांनी १६३५ साली आपल्या नकाशासंग्रहात प्रसिद्ध केलेला 'गिनी' हा नकाशाच घ्या. तांब्याच्या पत्र्यावर प्रत्येक अक्षर उलटे कोरावयाचे, रेघांच्या खाचांत शाई भरून पत्रा पुसावयाचा आणि त्यावर ओलसर कागद दाबून छाप उमटवावयाचा, असे हे चिकाटीचे काम. किनाऱ्यावर भूशिरे, नदीमुखे, बंदरे यांची नावे जपमाळेच्या मण्यांसारखी लागून आलेली आहेत. ती किनाऱ्याच्या रेषेशी काटकोनात, जमिनीच्या बाजूस लिहिली आहेत; कारण हा प्रदेश गलबतावरून पाहिलेला आहे. आतल्या भागात मात्र गावांऐवजी हत्ती, सिंह आणि माकडे! हत्ती डौलदार खरे. पण ते अज्ञानावर घातलेले पांघरूण होय. दांव्हील या फ्रेंच नकाशाकाराने १७४९ च्या आपल्या आफ्रिकेच्या नकाशात जेथे माहिती नव्हती तेथे कागद कोरा ठेवला. त्या कोऱ्या कागदाला आम्ही अधिक मान देऊ.

ब्लाऊ यांनी हा नकाशा डॉ. निकोलास तुल्प यांना अर्पण केला आहे. रेम्ब्रांटच्या १६३२ च्या प्रसिद्ध चित्रात शवविच्छेदन करून दाखविणारे वैद्य ते हेच.

अशा नकाशांवर पोर्तुगीज खलाशांनी दिलेली संतांची नावेही भेटतात. साओ तोमे, म्हणजे संत थॉमस! भारतीय ख्रिस्ती मनाला हे नाव किती जवळचे! त्याच बेटावर सोळाव्या शतकात गुलामांच्या श्रमांवर उसाचे मळे उभे राहिले. एल्मिना येथे पोर्तुगीजांनी १४८२ साली साओ जॉर्ज किल्ला बांधला. त्याच्या आवारात प्रार्थनामंदिर होते, आणि त्याच किल्ल्यात पुढे गुलामांच्या कोठड्याही झाल्या. नकाशा छापल्यावर दोनच वर्षांनी, १६३७ मध्ये, डचांनी तो जिंकला. धनी बदलले, माणसांचा व्यापार थांबला नाही. डचांनी त्यावर बंदी घातली ती १८१४ साली.

ब्लाऊंच्या नकाशावर गलबते आहेत, हत्ती आहेत. साखळदंडातला माणूस नाही. तो दिसतो तो चित्रात नव्हे, शब्दांत. विलेम बोसमान यांच्या १७०४ च्या डच ग्रंथाच्या शीर्षकातच वाण्याच्या गोण्यांवरील नावांप्रमाणे किनाऱ्याचे तीन तुकडे ओळीने मांडले आहेत: सोन्याचा, हस्तिदंताचा आणि गुलामांचा.